हिऱ्यांचं काय झालं

रविवार, दसऱ्यानंतरचा पहिला, १९६७. काम : वाचनालयाची पुस्तकं उन्हात घालणे.

बालाघाटचा पावसाळा संपला की पुस्तकांना वास येतो. पानं एकमेकांना चिकटतात, पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते, कसर लागते. म्हणून दसरा झाला की अंगणात खाटा टाकायच्या, त्यांवर जुनी लुगडी अंथरायची आणि कपाटं रिकामी करायची. ऊन उतरलं की पानांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पुस्तकं परत आत. हे काम माझ्याकडे होतं, कारण किल्ली माझ्याकडे होती. आणि किल्ली माझ्याकडे होती, कारण वाचनालय आमच्याच घराच्या ओसरीत होतं. सेवाभाव वगैरे काही नव्हता.

वाचनालय काढलं माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी. छप्पन साली प्रांताची वाटणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. कचेऱ्यांतून, शाळेतून, जंगल खात्यातून पिढ्यानपिढ्या नोकरी करणारी मराठी घरं गावात होती. त्यांची मुलं रस्त्यावर हिंदी बोलत, शाळेत हिंदी शिकत आणि घरात येऊन आईला हिंदीत भूक लागली म्हणून सांगत. मामाजी हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी चार लोकांना गोळा केलं, कपाटं करून घेतली, पुस्तकं मागवली. उत्तम पुस्तकं मागवली. ती उत्तम राहिलीही, कारण त्यांना कुणी हात लावला नाही.

हात लागत होता तो एकाच कपाटाला, रहस्यकथांच्या. त्या नागपूरच्या एका प्रकाशकाकडून महिन्याच्या महिन्याला येत. प्रत्येक कथा दोन भागांत, एका महिन्यात पूर्वार्ध आणि पुढच्या महिन्यात उत्तरार्ध. कागद असा की बोट ओलं करून पान उलटलं तर बोटाला शाई लागे. वेष्टनावर हमखास एक बाई असे, पदर ढळलेली, आणि हातात पिस्तूल. मामाजींनी पहिल्याच वर्षी नियम केला की पुस्तक बांधायला देण्याआधी ही वेष्टनं फाडून टाकायची. मी फाडत असे आणि चुलीच्या वरच्या फडताळात अंथरत असे. कागद जाड होता.

मी स्वतः रहस्यकथा वाचत नसे. वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर दोन-तीनदा प्रयत्न करूनही मला त्यात काय आहे ते कळलं नव्हतं. कुणीतरी मरतं, कुणीतरी मारलेलं असतं, आणि ते कुणी हे लेखकाला पहिल्यापासून ठाऊक असून तो सांगत नाही. आमच्या घरी कुणी असं वागलं असतं तर आम्ही त्याच्याशी बोलणं सोडलं असतं. पण बाया भर दुपारी पोळ्या झाकून ठेवून येत आणि उत्तरार्ध आला का म्हणून विचारत.

त्या रविवारी खाटांवर पुस्तकं मांडत असताना प्रकाशकांचा माणूस आला. तो वर्षातून दोनदा येई, पत्र्याची ट्रंक घेऊन, गोंदियाच्या छोट्या गाडीने. सावकाश बोलणारा, पन्नाशीचा. ट्रंकेत रहस्यकथा वर आणि बाकीची पुस्तकं खाली असत. या खेपेला त्याच्याकडे आमचं आणखी एक काम होतं. मामाजींनी निवृत्तीनंतर एक कादंबरी लिहिली होती. एका हेडमास्तरांचं आयुष्य, त्यांची तत्त्वं, त्यांचा एकटेपणा. या प्रकाशकांनी ती छापायची कबूल केली होती आणि हस्तलिखित या माणसाबरोबर पाठवायचं ठरलं होतं. मामाजींनी ते स्वच्छ उतरवून, लाल कापडात बांधून ठेवलं होतं. घरात त्या गाठोड्याजवळ कुणी पाण्याचा पेला ठेवत नसे.

मी चहा दिला आणि सांगितलं, "या मंगळवारी समितीची बैठक आहे. रहस्यकथा बंद करायचा ठराव मामाजी मांडणार आहेत. तेव्हा पुढच्या वर्षाची मागणी आत्ता लिहून घेऊ नका."

त्याने कप खाली ठेवला. "गुरुजी स्वतः मांडणार?"

"स्वतःच. मुलांचं मराठी बिघडतं म्हणतात."

"बाई, तुम्ही रागावणार नाही तर एक सांगतो," तो म्हणाला. "आमचा छापखाना याच पुस्तकांवर चालतो. महिन्याला एक बाहेर पडतं म्हणून माणसं टिकतात, यंत्र फिरतं. मग मध्ये मोकळा वेळ मिळाला की गुरुजींसारख्यांचं छापतात."

"मोकळा वेळ मिळाला की?"

"यंत्र रिकामं ठेवता येत नाही ना. आणि बालाघाटनं बंद केलं तर वारासिवनी करील, कटंगी करील, तुमसरही करील. या भागात सगळे गुरुजींकडे बघून चालतात."

"मग मामाजींच्या पुस्तकाचं काय?"

"मालक मला काही बोललेले नाहीत," तो म्हणाला. "पण थांबवायची वेळ आली की जे खपणार नसतं ते आधी थांबतं."

तो वारासिवनी आणि कटंगी करून मंगळवारी रात्री परत येणार होता आणि बुधवारी सकाळच्या गाडीने जाणार होता. ट्रंक उचलून तो बसस्टँडकडे गेला. मी खाटेशी उभी राहिले. मामाजींना हे सांगितलं तर ते हस्तलिखित परत कपाटात ठेवतील, इतका मला त्यांचा स्वभाव माहीत होता. सांगितलं नाही तर मंगळवारी ठराव होईल, आणि पुस्तक आपोआप कपाटातच राहील. दोन्ही रस्ते एकाच कपाटाकडे जात होते. मला असे प्रश्न आवडत नाहीत. एखाद्या कामाला निदान एक सरळ बाजू असावी.

तेवढ्यात मामाजी बाहेर आले. बैठकीत वाचून दाखवायला त्यांना नमुना हवा होता.

"यातलं सगळ्यात जास्त कोणतं जातं?" त्यांनी विचारलं.

"जे सगळ्यात मळलेलं असेल ते," मी म्हटलं.

त्यांनी खाटेवरून एक उचललं. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झालेले, पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या. ते दोन बोटांत धरून आत गेले.

सोमवारी दुपारी मामाजी जेवायला आले नाहीत. ताट वाढून मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारायच्या आत ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी तिथवर येत नसत.

"सूनबाई, हिऱ्यांचं काय झालं?"

मला वाटलं बँकेतलं काही विचारताहेत. "कोणते हिरे?"

"संस्थानिकाचे. भिंतीवरच्या घड्याळात लपवलेले. त्या मुलीनं ते पाहिले, तिथवर पूर्वार्ध संपतो. पुढे हिऱ्यांचा शब्दसुद्धा नाही. डोंगरावरचा एक बंगला आहे, कुणा बाईचा नवरा बेपत्ता आहे, तो शेवटी विहिरीत सापडतो. आणि ती मुलगी कुठे गेली? ती फुलाच्या नावाची होती. ही बाई नदीच्या नावाची आहे."

मी हात धुऊन पुस्तक घेतलं. मधोमध उघडलं. दोन्ही भागांचा कागद सारखाच पिवळा, पण अक्षराचा ठसा एका बाजूला जरा मोठा होता. लगेच लक्षात आलं. बाइंडरकडे एका वेळी दोन कथांचे चार भाग गेले असणार. कथेचं नाव आणि भाग फक्त वेष्टनावर छापलेला असे, आणि वेष्टनं तर मी फाडलेली. त्याने एकीचा पूर्वार्ध दुसरीच्या उत्तरार्धाला जोडला होता. गुप्तहेर दोन्हींत एकच, त्यामुळे वरवर चाळून काही कळण्यासारखं नव्हतं.

"मग उरलेले दोन भागही असेच एकत्र बांधलेले असतील," मामाजी म्हणाले. "ते पुस्तक आण."

ते पुस्तक नव्हतं. जंगल खात्यातल्या एका कुटुंबाची मंडल्याला बदली झाली, तेव्हा ते त्यांच्या सामानातून गेलं होतं. म्हणजे हिरे मंडल्याला होते.

मामाजी जेवायला बसले खरे, पण भात कालवून तसाच ठेवला. मग एकदम म्हणाले, "हे किती वर्षं जातंय बाहेर?"

"चार-पाच वर्षं तरी झाली असतील."

"आणि कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"म्हणजे वाचकाला कथा कळतच नाही. डोळे फिरतात फक्त." त्यांचा चेहरा खुलला. "उद्या मी दुसरं काही बोलणारच नाही. हे पुस्तक टेबलावर ठेवीन, बस."

मला ते पटलं. पटायला हरकत नव्हती. पण चार वाजता राइस मिलच्या मुनीमाची बायको पुस्तक बदलायला आली. ती कटंगीकडच्या शेतकरी घरातली, हातातलं काम कधी न संपणारी, आणि तरी आठवड्याला एक पुस्तक संपवणारी. मामाजींनी तिला ओसरीतच गाठलं आणि ते मळकं पुस्तक पुढे केलं.

"हे वाचलंय तुम्ही?"

"हौ जी, गुरुजी. दोन डाव वाचलं."

"यात पहिल्या अर्ध्यात एक मुलगी आहे. दुसऱ्या अर्ध्यात वेगळीच बाई आहे. तुम्हाला काही वाटलं नाही?"

ती पदर सावरत त्यांच्याकडे पाहत राहिली. मोठ्या माणसाला साधी गोष्ट कशी सांगावी, असा तिला पेच पडला असावा. "वेगळी काहून असन जी? तेच ते. मधात लग्न झालं तिचं."

"लग्न?"

"मंग नाव नाही का बदललं तिचं? लग्नात नाव बदलतेच ना. माहं माहेरचं नाव वायलं होतं. या वहिनीचंही वायलंच असन."

माझं वेगळंच होतं. त्या नावाने हाक मारणारं आता माहेरीही कुणी उरलेलं नाही, पण तो विषय वेगळा. मामाजींनीच माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहायला लावलं होतं. ते आता खांबाला टेकून उभे होते.

"आणि हिरे?" त्यांनी विचारलं.

"ते त नवऱ्यानंच नेले. काहून का, लग्न त्यानं हिऱ्यासाठीच केलं. घेतले अन् पसार झाला. म्हणून त पुढं बेपत्ता आहे. अन् म्हणून तिनं लोकाईले हिऱ्याचं सांगतलं नाही, अब्रू जाते ना."

"पण शेवटी तो विहिरीत सापडतो. जवळ काही नाही."

"मंग विकले असन," ती म्हणाली. "इतके दिवस खायाले लागलंच असन ना त्याले."

"अहो, ही दोन निरनिराळी पुस्तकं आहेत. चुकून एकत्र बांधली गेली आहेत."

पुस्तक हातात घेऊन तिने मधलं पान पाहिलं, मोठा ठसा आणि बारीक ठसा, दोन्हींवरून बोट फिरवलं. तिचं तोंड उतरलं. "मंग त्या पोरीचं काय झालं?" तिने विचारलं. "लग्न नाहीच का झालं?"

मामाजींनी पुस्तक तिच्या हातातून परत घेतलं. ती दुसरं पुस्तक न घेताच गेली.

मंगळवारच्या बैठकीला नेहमीचेच होते, एक वकील, तहसिलीतले एक बाबू आणि आणखी दोघे जे फक्त मान हलवत. मी पान-सुपारीचं तबक घेऊन आत-बाहेर करत होते. मामाजींनी ठरवल्याप्रमाणे पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चूक काय ती सांगितली. मग म्हणाले, "चार-पाच वर्षं हे गावभर फिरतंय आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. यावरून या वाङ्मयाची योग्यता ठरवा."

कुणी हसलं नाही. वकिलांनी पुस्तक ओढून घेतलं. "हे? हे दोन आहेत?"

"दोन आहेत."

"तरीच," वकील म्हणाले. "मी म्हणतच होतो, हिरे गुप्तहेराकडेच राहिले. त्यानं ते कुणाला परत दिल्याचं कुठेच लिहिलेलं नाही."

"गुप्तहेराकडे कसे राहतील वकीलसाहेब?" बाबू म्हणाले. "बंगल्यातला तो म्हातारा माळी आहे ना, तोच आधीचा घड्याळजी. वेष बदलून आलाय. माळ्याला कधी इतकं शुद्ध बोलताना पाहिलं तुम्ही?"

"म्हणजे तुम्ही वाचलंय," मामाजी म्हणाले.

बाबूंनी सुपारीकडे हात नेला. "घरात पडलेलं होतं. मुलं वाचत होती. मुलं मराठीत वाचतात ते एवढंच, गुरुजी. बाकी सगळं हिंदी. मी पाहिलं, काय वाचताहेत ते."

"अहो, पण माळ्याचा आणि घड्याळजीचा संबंधच नाही. ही दोन वेगळी..."

"ते मान्य," वकील म्हणाले. "चूक मान्य. पण माळी संशयास्पद आहे, हे तुम्हीही नाकारणार नाही."

मामाजी म्हणाले, "माळी नाही. मला विचाराल तर त्या बाईचा भाऊ. तो पहिल्या प्रकरणात..." आणि थांबले. तो पहिल्या प्रकरणातला भाऊ दुसऱ्याच मुलीचा होता.

पुढचा बराच वेळ भावावर गेला. शेवटी वकिलांनी कोर्टातल्यासारखं सांगितलं की साक्ष अर्धवट असताना निकाल देता येत नाही; खरा उत्तरार्ध मागवावा, सर्वांनी वाचावा आणि मग ठराव मतास टाकावा. मान हलवणाऱ्यांनी मान हलवली. ठराव पास झाला नाही, फेटाळलाही गेला नाही. असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्या समितीत एकतर होई किंवा नाही होई.

मंडळी गेल्यावर मी मामाजींचं ताट वाढलं. ते बराच वेळ भाकरीचा एकच तुकडा मोडत बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "माझ्या पुस्तकाचा अर्धा भाग असा दुसऱ्या कशाला जोडला गेला, तर लोकांच्या लक्षात येईल?"

"येईल," मी म्हटलं.

ते खरं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. मी त्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं होतं. त्यात हेडमास्तर पहाटे उठून वैनगंगेवर आंघोळीला जातात. पुढे काय होतं हे जाणून घ्यावं असं मला वाटलं नव्हतं, कारण ते आंघोळ करून परत येणार हे दिसतच होतं. आणि त्या मळक्या पुस्तकातल्या, मी न वाचलेल्या, मुळात एकत्र नसलेल्या मुलीचं काय झालं असेल हे मात्र दोन दिवस माझ्या डोक्यात होतं. भांडी घासतानासुद्धा. याचा अर्थ काय लावावा? मामाजींचं पुस्तक प्रामाणिक होतं, एकेक शब्द तपासून लिहिलेलं. ते दुसरं कुणीतरी महिना भरायचा म्हणून लिहिलं होतं. मला यातलं काही नीट लागत नव्हतं, आणि अजूनही लागत नाही.

मग मी त्यांना सांगून टाकलं. दोन्ही रस्ते कपाटाकडेच जाणार असतील तर निदान माहिती असलेल्या माणसाने जावं, असं वाटलं. छापखाना कशावर चालतो, त्यांचं पुस्तक कोणत्या वेळात छापलं जाणार आहे, ठराव झाला तर काय थांबेल, सगळं सांगितलं.

मला वाटलं ते उठतील. ते उठले नाहीत. पाणी प्यायले.

"मोकळ्या वेळात," ते म्हणाले.

"हो."

"माझ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांच्या जाहिराती छापतील का?"

"छापतील बहुतेक. सगळ्यांवर छापतात."

त्यांनी वर न पाहता विचारलं, "आणि त्यांच्या शेवटच्या पानावर माझी?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, विचारून पाहते. त्यावर ते हात धुवायला गेले. लाल कापडातलं गाठोडं मात्र त्यांच्या खोलीतून बाहेर आलं आणि ओसरीतल्या बाकावर, माझ्या पिशवीशेजारी ठेवलेलं दिसलं. त्यांना ते द्यायचं होतं, की नुसतं नजरेआड करायचं होतं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून मी स्टेशनावर गेले. छोटी गाडी उभी होती आणि प्रकाशकांचा माणूस ट्रंकेवर बसून केळं खात होता. मी त्याला पुढच्या वर्षाच्या रहस्यकथांची मागणी सांगितली. आणि एक अट घातली, की प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर गुरुजींच्या कादंबरीची जाहिरात यायला हवी. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, मालकांना सांगतो, जागा असते तिथे. मग त्याने गाठोडं घेतलं, ट्रंक उघडली आणि रहस्यकथांच्या मध्ये दाबून बसवलं, म्हणजे हलणार नाही.

मी त्याला त्या खऱ्या उत्तरार्धाबद्दल विचारलं.

"ते आता मिळायचं नाही, बाई. महिना झाला की पुढचं येतं. जुनं आम्हीही ठेवत नाही."

"तुम्हाला आठवतं का, हिऱ्यांचं काय झालं?"

"मी वाचत नाही," तो म्हणाला. "मी विकतो."

परत येताना मी बाइंडरच्या दुकानाशी थांबले. ते मळकं पुस्तक मी निघताना पिशवीत घातलं होतं. शिवण उसवली होती आणि एक पुठ्ठा सुटत आला होता. त्याने पानं चाळली, मोठा ठसा आणि बारीक ठसा त्यालाही दिसला, आणि त्याने विचारलं, "बाईजी, अलग कर दूँ?"

परवा पुस्तक न घेताच गेलेली मुनीमाची बायको संध्याकाळी येणार होती. मी त्याला आहे तसंच बांधायला सांगितलं, नवा पुठ्ठा घालून, आणि उरलेली पुस्तकं उन्हात घालायला घरी गेले.